डावीकडची नळी

वहिनी : ऐकलंस? पडद्यापलीकडची आत्ता लेकीला काय म्हणाली?

बेबी : नाही. मी तुझे रिपोर्ट बघत होते.

वहिनी : म्हणाली, "खिडकी उघड गं, इथं कुणीतरी मांजर पाळलंय."

बेबी : दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत असेल ती.

वहिनी : हॉस्पिटलात मांजर कोण पाळेल? माझ्याबद्दलच बोलली, आणि खोटं नाही बोलली. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, जरा हळू आवाजात. ते पॅड दे इकडे. आणि तोंड तिकडे कर.

बेबी : वहिनी, मी डॉक्टर आहे. माझ्यापुढे कसली लाज?

वहिनी : डॉक्टर तू तुझ्या दवाखान्यात. इथं तू माझी धाकटी नणंद आहेस, आणि नणंदेसमोर ओले कपडे बदलायची मला शिसारी येते. कर तोंड तिकडे.

बेबी : केलं.

वहिनी : नाकही कर.

बेबी : मला काही वास येत नाही.

वहिनी : हेच. नेमकं हेच मला नकोय. तुझा दादा हेच म्हणतो. मुलगा फोनवरून हेच म्हणतो, आता फोनवरून त्याला कसा येणार? मला स्वतःला इतका येतो की घास तोंडाशी नेला की घासाच्या आधी तो आत जातो. आणि तुम्हाला कुणाला येत नाही. सगळ्या घराला एकदम सर्दी झालीय.

बेबी : दादा कुठं गेला?

वहिनी : कँटीनमध्ये. सकाळपासून चहाच पितोय. चांगला आहे गं तो, मी वाईट नाही म्हणणार. पण हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतो. म्हणतो, तिथला पंखा बरा लागतो. तो पंखा फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त.

बेबी : काळजीत असतो तो.

वहिनी : असेल. काळजी बाहेरच्या खोलीत जास्त चांगली करता येत असेल. वळ आता, झालं माझं. हे पिशवीत घाल आणि गाठ घट्ट मार. अशी नाही, डबल.

बेबी : मारली. उद्यापासून हे सगळं थांबेल, वहिनी.

वहिनी : वाचनालयातले ते पेपरवाले आजोबा माहितीयत ना तुला? रोज माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायचे. मी तिथं कामाला लागल्यापासून ती खुर्ची त्यांची. परवा उठले, पेपर घेतला आणि पार कोपऱ्यात जाऊन बसले. वर मला येऊन सांगितलं, "तिकडे उजेड बरा आहे हो." त्या कोपऱ्यातला दिवा गेले कित्येक महिने बंद आहे, बेबी. मीच तक्रार दिलीय त्याची.

बेबी : तू रजा घ्यायला हवी होतीस.

वहिनी : कशाची? ओलाव्याची? तूच म्हणालीस ना, "वहिनी, ऑपरेशननंतर थोडा ओलावा असतोच." मग म्हणालीस, वय झालं, खालचे स्नायू सैल पडतात, व्यायाम कर. मी सकाळ-संध्याकाळ श्वास रोखून आवळत बसले. स्वयंपाक करताना आवळतेय, फोनवर बोलताना आवळतेय. लघवीलाही नेहमीसारखी जात होते, आणि तरी दुसऱ्या वाटेनं गळतच होतं. झोपलं तरी, बसलं तरी. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, अगं, हा ओलावा नाही, ही लघवी आहे, मला वास कळतो. तू म्हणालीस, "मनाचे खेळ असतात."

बेबी : चुकलं माझं ते.

वहिनी : गर्भपिशवी काढायला हवीच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गाठी झाल्या होत्या, रक्त जाऊन जाऊन मी पांढरीफटक पडले होते. पण पिशवी गेली आणि नळ गळायला लागला, हे तुझ्या कानावर घालूनही तू नळाकडे बघायला तयार नाहीस. का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्या नळीवाल्यानं तपासलं तेव्हा कळलं.

बेबी : नळीवाला नको म्हणूस. शहरातला सगळ्यात चांगला युरॉलॉजिस्ट आहे तो.

वहिनी : नळ्यांचंच काम करतो ना? मग. माणूस मला आवडला. पहिल्याच भेटीत नाक न झाकता म्हणाला, "फार त्रास होत असेल हो तुम्हाला." मला रडू आलं. मग त्यानं मूत्राशयात निळा रंग सोडला, आणि ज्या वाटेनं गळतंय तिथं कापसाचा बोळा ठेवला. म्हणाला, चला, जरा फिरून या. मी व्हरांड्यात फिरून आले. बोळा चिंब भिजला होता, पण निळा झाला नव्हता. त्यावर तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. तेव्हा मी ओळखलं.

बेबी : निळा नाही म्हणजे मूत्राशय शाबूत आहे. गळतंय ते त्याच्या वरून. किडनीतून मूत्राशयात उतरणारी नळी असते ना, तिला—

वहिनी : तिला भोक पडलंय. डावीकडच्या. सांगितलं त्यानं मला, चित्र काढून. गर्भपिशवीच्या अगदी कडेनं जाते म्हणाला, रक्तवाहिनीच्या खालून. पिशवी काढताना तिलाच जपायचं असतं म्हणाला. तुला विचारलं त्यानं माझ्यासमोर, "तिथं काय लागलं होतं? चिमटा, टाका, की करंटनं भाजलं?" तू म्हणालीस, "सांगणं कठीण आहे."

बेबी : आज सकाळी सांगितलं मी त्याला. चिमटा लागला. रक्त येत होतं, ते थांबवताना चिमट्यात नळी चिमटली. काढला लगेच, पण तेवढा भाग मेला. मग काही दिवसांनी तिथंच फुटली.

वहिनी : बरं केलंस. कुणाचा चिमटा, ते विचारलं त्यानं?

बेबी : नाही.

वहिनी : का नाही?

बेबी : त्याला ते विचारायची गरज नव्हती.

वहिनी : म्हणजे त्याला माहीत आहे, तुला माहीत आहे. शहाणी माणसं तुम्ही. उद्या काय करणार आहेत, ते पुन्हा एकदा सांग. सरळ भाषेत सांग, मला गोळ्या देऊन झोपवल्यासारखं नको.

बेबी : नळीचा खराब झालेला तुकडा कापून टाकायचा. वरचं चांगलं टोक खाली आणून मूत्राशयाला नवीन तोंड करायचं आणि तिथं शिवायचं. नळी तोकडी पडली तर मूत्राशयच थोडं वर ओढून घेऊन अडकवून ठेवतात, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. आत एक बारीक नळी ठेवतात, ती काही आठवड्यांनी काढतात. नीट जमलं तर आयुष्यभर बघायला नको. आणि त्याचं जमतं, वहिनी. त्याचा हा— त्याचं काम फार चांगलं आहे.

वहिनी : काम म्हणालीस. आधी दुसरा शब्द येत होता तोंडात.

बेबी : कुठला?

वहिनी : तो गिळलास. जाऊ दे. आणि नाही जमलं तर?

बेबी : जमेल.

वहिनी : नाही जमलं तर, बेबी?

बेबी : दुसऱ्यांदा करणं फार अवघड असतं. आतलं सगळं चिकटतं, नळी आणखी तोकडी होते. मग डावी किडनी धोक्यात येते. कधी कधी काढावी लागते.

वहिनी : म्हणजे उद्याचा दिवस हाच काय तो.

बेबी : हो.

वहिनी : मग आता मला सांग, उद्या तिथं कोण कोण असणार?

बेबी : तो. त्याचा असिस्टंट. भूल देणाऱ्या बाई. सिस्टर. मी आत उभी असेन, पण बाजूला.

वहिनी : आणि?

बेबी : आणि काय?

वहिनी : तुझ्या दादाला काल फोन आला होता. "काही काळजी करू नका, मी स्वतः उभा राहतो टेबलाजवळ." तुझा दादा फोन ठेवून माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मग आम्ही दोघंही म्हणालो, "केवढा मोठा माणूस, या वयात." असं म्हणून जेवायला बसलो. मला घास गिळवेना. या वेळी वासानं नाही.

बेबी : सर प्रेमापोटी येतात गं.

वहिनी : नुसते उभे राहणार, की हातमोजे घालून?

बेबी : तुझी चादर सरकलीय, थांब.

वहिनी : राहू दे चादर. बोल की. तोंडात पाणी धरलंयस का?

बेबी : हातमोजे घालून.

वहिनी : वाटलंच मला.

बेबी : वहिनी, तुला कल्पना नाही सर काय आहेत ते. आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली वाढलो. मीही, तुझा तो नळीवालाही. माझ्या दवाखान्याचं दार त्यांनी उघडून दिलं. तुझं ऑपरेशन मी करणार म्हटल्यावर त्यांनीच फोन केला, "बेबी, घरचं माणूस आहे, घरच्या माणसावर आपण सुरी धरू नये, मी करून देतो." तू किती खूश झालीस तेव्हा. वाचनालयात सांगत सुटली होतीस.

वहिनी : झाले होते खूश. का नाही होणार? माझं पोर आडवं आलं होतं तेव्हा ह्याच माणसानं ते सुखरूप बाहेर काढलं. मी मेलेच होते म्हणतात. मी विसरले नाही ते. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले.

बेबी : कशाबद्दल गप्प?

वहिनी : कमरेत सुई दिलीत ना मला. कमरेखालचं बधिर झालं. वर झोपेचंही औषध दिलंत म्हणे, ते मला लागलं नाही. डोळे मिटले होते, कान उघडे होते.

बेबी : असं पुष्कळांना वाटतं. औषधात माणसाला स्वप्नं पडतात.

वहिनी : आवळायचे व्यायाम, मनाचे खेळ, आणि आता स्वप्नं. मी सांगते, तू ऐक. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे तुम्ही. सर गप्पा मारत होते, मजेत होते. मग तू म्हणालीस, "सर, आधी नळी बघून घेऊ या का?"

बेबी : म्हणाले होते मी.

वहिनी : सर म्हणाले, "अगं, ती कुठून जाते हे मी झोपेत सांगीन." मग तू म्हणालीस, "सर, रक्त येतंय." आणि मग एक आवाज यायला लागला. लोखंडावर लोखंड वाजल्याचा. किणकिण, किणकिण, किणकिण. कपबशी घेऊन कुणी म्हातारं माणूस चालत आलं की बशीत कप कसा वाजतो, तसा. सिस्टर एकदम गप्प झाली. भूल देणाऱ्या बाई गप्प झाल्या. सगळ्या खोलीत तेवढाच आवाज. मी मनात म्हटलं, बेबी आता काहीतरी बोलेल. तू बोलली नाहीस.

बेबी : थिएटरमध्ये भांडी वाजतातच, वहिनी.

वहिनी : आत्ता या पडद्याआड आपण दोघीच आहोत, आणि आत्ताही तू मला भांडी सांगतेयस.

बेबी : काय बोलू मी?

वहिनी : जे दिसलं ते.

बेबी : विद्यार्थी असताना सर आम्हाला कात्री हातात घेऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "आधी नळी दाखव. बोट लावून दाखव. ती गांडुळासारखी वळवळली पाहिजे, तरच ती नळी. नाही दाखवलीस तर चालती हो." मी एकदा रडत बाहेर गेले होते. त्या माणसाला मी, आता या वयात, सिस्टरसमोर, काय म्हणायचं होतं?

वहिनी : तेच. "सर, नळी दाखवा."

बेबी : जीभ रेटली नाही.

वहिनी : तुझी जीभ रेटली नाही आणि माझी नळी गेली. छान हिशेब आहे. आणि आता सर सगळीकडे काय सांगत फिरतात, माहितीये ना? तुझ्या दादाला फोनवर सांगितलं, "बेबीनं पलीकडून पिशवी ओढून धरली होती, तो ताण जरा सैल सोडला, त्यामुळे झालं. तिला बोलू नका, तिला फार लागलंय."

बेबी : माहितीये. मलाही तेच म्हणाले.

वहिनी : तू काय म्हणालीस?

बेबी : म्हटलं, हो सर.

वहिनी : शी.

बेबी : त्यांना खरंच तसं वाटतं, वहिनी. खोटं नाही बोलत ते. त्यांना कळतच नाही.

वहिनी : कसं कळेल? कळण्यासाठी कुणीतरी सांगावं लागतं. पण तुम्ही सगळे "हो सर, हो सर." तुझ्या दवाखान्यात हो सर, त्या नळीवाल्याकडे हो सर. मी त्याला विचारलं काल, "सर येणार म्हणतात उद्या." केवढा तो उंचापुरा माणूस, पण चष्मा पुसायला लागला. म्हणाला, "सरांना नाही कोण म्हणणार?" किळस येते मला, बेबी. माझ्या अंगाची यायची, ती आता मागे पडली. तुमच्या या आदराची येते. त्यात मी कुजतेय, आणि तुम्ही वाकून नमस्कार करताय.

बेबी : मी त्यांना काहीतरी कारण सांगते. उद्याची वेळ बदलली म्हणून सांगते.

वहिनी : म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी वहिनीच्या टेबलाशी उभे राहतील. माझ्यासारखी आणखी एखादी जाग्यावरून उठताना मागे वळून खुर्ची बघत बसेल. ओली झाली का, कुणी बघितलं का.

बेबी : ते आता फार ऑपरेशनं करत नाहीत.

वहिनी : फार म्हणजे किती? नको, नको सांगूस. माझं एवढंच म्हणणं आहे. उद्या ते आत असतील तर मी टेबलावर चढणार नाही. गळत राहीन. त्या पेपरवाल्या आजोबांच्या कोपऱ्यात नवा दिवा बसवून घेईन. आणि मी त्यांना काही सांगणार नाही, तूच सांगायचंस.

बेबी : मीच का? तू सांग. पेशंट तू आहेस. तुझं ते ऐकतील.

वहिनी : मी बोलले तर ते म्हणतील, बाई दुखण्यानं वैतागलीय, डोक्यावरून हात फिरवतील आणि उद्या येतील. मी आंधळी होते तेव्हा, पडद्याच्या अलीकडे. पलीकडे तू होतीस.

बेबी : थांब. चपलांचा आवाज ओळखते मी. तेच आले.

(दारावर टकटक होते. सर आत येतात. एका हातात फुलं, दुसरा हात कोटाच्या खिशात.)

सर : काय म्हणतायत आमच्या वाचनालयाच्या मालकीणबाई? झोपून काय राहिलीस, उठून बस. पेशंट झोपला की डॉक्टर घाबरतो. ही घे. पिवळी मिळाली नाहीत, पांढऱ्यावर भागव.

वहिनी : कशाला तसदी घेतलीत, सर.

सर : तसदी कसली. बेबी, ठेव गं ती पाण्यात. आणि तुझा चेहरा का असा? परीक्षेच्या आदल्या दिवशी असायचा तसा. अजून तश्शीच आहे ही. माझ्यापुढे तोंडी परीक्षेला आली की हिची ओढणी पिळून पिळून दोरी व्हायची. काय?

बेबी : हो सर.

सर : तुझा मुलगा कुठं असतो आता?

वहिनी : परगावी. नोकरीला. परवा येतोय.

सर : येऊ दे. त्याला सांग, तू जगात आलास तेव्हा पहिला तुला मी बघितला. आडवा पडला होता लबाड. निवांत, खाटेवर पडल्यासारखा. आणि तू ओरडायचंही सोडून दिलं होतंस. मी बेबीच्या आईला बाहेर जाऊन म्हटलं, दोन्ही आणतो, रडू नका. आणले का नाही?

वहिनी : आणलेत, सर. मी विसरणार नाही कधी.

सर : मग झालं तर. तसंच हेही होईल. असं बघ पोरी, मोठी ऑपरेशनं म्हटली की हजारात एखादी अशी नळी दुखावतेच. शरीर आहे, यंत्र नाही. त्यात आतलं सगळं चिकटलेलं होतं तुझं. आणि पलीकडून जो ताण धरायचा असतो, तो एखादा क्षण सैल पडला. मी बेबीला एका शब्दानं बोललो नाही. कोणाच्याही हातून होतं. हो का नाही गं?

बेबी : …हो सर.

वहिनी : बेबी, तुला सरांना काहीतरी विचारायचं होतं ना? आत्ता म्हणत होतीस.

सर : विचार ना.

बेबी : ते… सर, चहा घेणार का? खाली कँटीनमध्ये दादा आहे.

सर : चहा झाला दादाबरोबरच. बिचारा पार गळून गेलाय. त्याला म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत तुझी बायको कोरडी ठणठणीत करून देतो. हसला तेव्हा जरा.

वहिनी : उद्या म्हणजे तुम्ही…

सर : तर! तुला काय वाटलं, टाकून देईन मी तुला? आतली चिकटलेली बाजू मला पाठ आहे, मीच गेलो होतो ना तिथं. नळी शोधायची, मोकळी करायची आणि पहिला चिमटा लावायचा, तेवढं मी करून देतो. पुढं शिवायचं ते त्यानं शिवावं. पोरगा हुशार आहे, पण अजून लहान आहे.

वहिनी : पन्नाशीला आलेत ते, सर.

सर : माझ्यासाठी लहानच. सगळे लहान. ही पण.

वहिनी : बेबी.

बेबी : सर, मी काय म्हणते… उद्या फार वेळ चालेल. थिएटर गार असतं. तुम्हाला गुडघ्यांचा त्रास आहे, तासन् तास उभं राहणं…

सर : गुडघे? अगं, गुडघ्यांनी कोण ऑपरेशन करतं? स्टूल घेईन मी. तुझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन मी माझ्या अंगात ताप असताना केलं होतं, आठवतंय? तू बाहेर बाकावर बसली होतीस. तुझ्या वडिलांना मी म्हटलं होतं, ही पोरगी शिकवा, हिला धीर आहे.

बेबी : आठवतंय.

सर : मग? आज कुठं गेला तो?

वहिनी : सर, तुम्ही आलाच आहात तर जरा माझी नाडी बघता? सकाळपासून छातीत धडधडतंय.

सर : आण इकडे हात. आता हे मशीन लावतात बोटाला, त्यामुळे नवी पोरं नाडीला बोट लावत नाहीत. नाडी बोटानं बघायची. बोटाला जे कळतं ते मशीनला कळत नाही. हं.

वहिनी : काय म्हणते?

सर : ठोके बरोबर आहेत. पण थरथर आहे गं. बारीक, सारखी. घाबरलीस का?

वहिनी : नाही, सर. आत्ता नाही.

सर : मग ही थरथर कसली? थंडी वाजते का? ताप?

वहिनी : नाही.

सर : असं कसं. बेबी, इकडे ये. हिच्या उजव्या हाताची बघ तू. मला डावीकडे थरथर लागतेय. हृदयाचं काही नाही ना, उद्याच्या आधी एक ईसीजी करून घ्या म्हणावं. बघितलीस?

बेबी : बघतेय.

सर : काय लागतंय?

बेबी : काही नाही, सर. नाडी शांत आहे.

सर : नीट बघ. हा हात घे, माझ्या बोटांशेजारी बोटं ठेव. लागतंय ना आता?

बेबी : हो. लागतंय.

सर : मग? म्हटलं ना मी. काय असेल?

वहिनी : बेबी, मी तोंड तिकडे करू का?

बेबी : नको. तू इथंच बघ. सर, ही थरथर तिची नाही.

सर : म्हणजे?

बेबी : तुमचा हात थरथरतोय, सर. त्या दिवशी चिमटा लावतानाही थरथरत होता. ताण सैल नव्हता पडला, मी घट्ट धरला होता. मी समोरच उभी होते. मला दिसत होतं आणि मी बोलले नाही.

सर : बेबी.

बेबी : उद्या तुम्ही येऊ नका.